माशाला स्वतःची पाठ दिसते का?

इचलकरंजीच्या एका प्रोसेस हाऊसमध्ये मी ३१ वर्षं शेड जुळवत होतो. बाहेरून कापडाचा एक तुकडा यायचा, कधी पंजाएवढा, कधी नुसता दोन बोटांचा. त्यावरचा रंग हजारो मीटर कापडावर जसाच्या तसा चढवायचा, एवढंच काम. पिवळा, लाल आणि निळा या तीन रंगांची काटेकोर मोजलेली मिश्रणं करून लॅबमध्ये आधी छोटे नमुने रंगवायचे. त्यांना लॅब डिप म्हणतात. डिप सुकली की मूळ तुकड्याच्या कडेवर तिची कड ठेवायची आणि बघायचं. दोन्हींच्या मधली रेघ दिसेनाशी झाली की शेड जुळली. रेघ दिसतेय तोवर पुन्हा तराजू, पुन्हा भांडं. पहिल्याच डिपला शेड बसली असं क्वचित झालं. तीन-चार डिप लागायच्याच, आणि एखाद्या राखाडीनं तर आख्खा आठवडा खाल्लाय.

मी मूळचा मालवणचा. निवृत्त झाल्यावर पहिल्या पावसाळ्यात वेळ घालवायला माशांविषयी वाचायला लागलो आणि एका आकड्यावर अडकलो. दोन ते आठ सेकंद. एक चपटा मासा आपल्या पाठीचा रंग आणि नक्षी खालच्या तळाशी जुळवायला एवढाच वेळ घेतो. मी तो आकडा पुन्हा वाचला. मग दोन दिवस दुसरं काही सुचलंच नाही, कारण एक प्रश्न डोक्यात बसला होता. आम्ही डिप आणि मूळ तुकडा शेजारी ठेवून बघायचो. माशाला खालची वाळू दिसते हे ठीक. पण स्वतःची पाठ? ती तो कशी बघतो? ज्याला आपली डिप कधी दिसतच नाही, तो शेड जुळवतो कशी?

आमच्याकडे लेपी म्हणतात तो मासा याच चपट्यांच्या कुळातला. सुरमई-पापलेटच्या पंगतीत तिला मान नाही, पण रव्यात घोळवून कडक तळलेली लेपी ज्यानं खाल्लीय त्याला तिची किंमत ठाऊक असते. जिभेसारखी चपटी, वरची बाजू ओल्या वाळूच्या रंगाची, खालची पांढरी, आणि दोन्ही डोळे वरच्याच बाजूला. जन्मतः ती अशी नसते. अंड्यातून निघालेलं पिल्लू इतर माशांसारखंच उभं पोहतं, दोन बाजूंना दोन डोळे घेऊन. पुढे वाढताना एक डोळा हळूहळू डोक्यावरून सरकत दुसऱ्या बाजूला येतो आणि मासा जन्मभरासाठी एका कुशीवर आडवा होतो. वरच्या कुशीवर रंग चढतो, खालची कोरी राहते. निसर्ग किती हिशेबी आहे बघा. जी बाजू कोणाला दिसणार नाही, तिच्यावर रंग खर्च करायचा नाही.

या चपट्या माशांना माणसांनी भरपूर छळलंय, चांगल्या कारणासाठी. फ्रान्सिस समनर नावाच्या अमेरिकन संशोधकानं इटलीतल्या नेपल्सच्या सागरी संशोधन केंद्रात हे मासे वाळूवर ठेवले, खडीवर ठेवले, बुद्धिबळाच्या पटासारख्या चौकटींवर आणि ठिपक्यांवरही ठेवले. १९११ साली त्यानं आपली निरीक्षणं फोटोंसह छापली. मासे पट हुबेहूब उमटवत नव्हते, पण तळ बारीक नक्षीचा असेल तर पाठीवर बारीक बुट्टे यायचे, मोठ्या डागांचा असेल तर मोठे डाग. डोळे झाकले की सगळी जुळवाजुळव बंद. म्हणजे हे काम डोळ्यांतून चालतं, एवढं तेव्हाच कळलं.

दोन ते आठ सेकंदांचा आकडा १९९६ सालचा. तो काढला व्ही. एस. रामचंद्रन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी. तमिळनाडूत जन्मलेले आणि कॅलिफोर्नियात काम करणारे हे तेच मेंदुतज्ज्ञ, ज्यांनी हात तुटलेल्या माणसाच्या ‘नसलेल्या’ हाताचं दुखणं आरशानं कमी करून दाखवलं. त्यांनी उष्ण समुद्रातला एक फ्लाउंडर घेतला, म्हणजे आमच्या लेपीचा चुलतभाऊ म्हणा, आणि त्याच्याखाली वेगवेगळे तळ सरकवले. त्यांच्या लक्षात आलेली गोष्ट मला, एका रंगाऱ्याला, आतून हलवून गेली. माशाकडे हजार नक्षी नसतात. त्याच्या कातडीत मोजकेच साचे असतात, काही बारीक ठिपक्यांचे, काही मोठ्या डागांचे. यातला कुठला साचा किती गडद करायचा आणि कुठला किती पुसट, एवढंच तो ठरवतो. त्या मिश्रणातून समोरच्या तळाची नक्षी तयार होते. आम्ही तीन रंगांतून हजारो शेड काढायचो. तो मूठभर साच्यांतून समुद्राचा तळ काढतो.

आता त्या कातडीच्या आत जायला हवं, कारण खरं प्रोसेस हाऊस तिथे आहे.

माशाच्या कातडीत रंगाच्या पेशी असतात. काळपट रंगाची पेशी चांदणीसारखी असते, मधे पोट आणि चहूकडे फाकलेले हात. तिच्यात काळ्या रंगाचे अतिसूक्ष्म कण असतात. हे कण पेशीच्या मध्यावर गोळा झाले की पेशी एका टिंबाएवढी दिसते आणि मासा फिका पडतो. तेच कण हातांच्या टोकांपर्यंत पसरले की मासा गडद होतो. पेशी जागची हलत नाही, तिचा आकारही तोच राहतो. आतला माल तेवढा फिरतो. तो फिरवायला पेशीत रुळांसारख्या सूक्ष्म नळ्या असतात आणि त्यांवरून ओझं वाहणारी प्रथिनं. बाहेरच्या दिशेनं नेणारं एक, त्याचं नाव कायनेसिन. आत आणणारं दुसरं, त्याचं नाव डायनिन. आपल्या शरीरातही हेच हमाल कामाला आहेत. आपल्या मज्जातंतूंमधून मालाची ने-आण तेच करतात. ‘आत या’ हा हुकूम माशाच्या मज्जातंतूंमधून नॉरॲड्रेनलिन नावाचं रसायन सुटलं की येतो. म्हणून घाबरलेले कित्येक मासे झटकन फिके पडतात. संप्रेरकांचे हुकूमही असतात, पण ते रक्तातून येतात, सावकाश पोचतात.

कापडावर रंग चढवणं म्हणजे धाग्याशी त्याची गाठ मारणं. ती गाठ सुटू नये म्हणून आम्ही जिवाचं रान करायचो. धुऊन बघायचो, घासून बघायचो, उन्हात ठेवून बघायचो. पक्का रंग हीच आमची अब्रू. माशाची अब्रू नेमकी उलट. त्याचा रंग पक्का झाला तर तो मेला.

काळ्याबरोबर पिवळ्या आणि लाल पेशीही असतात. त्यांतला बराचसा रंग मासा स्वतः बनवू शकत नाही, तो खाण्यातून येतो. शेवाळात तयार झालेली रंगद्रव्यं कोलंबीसारख्या जिवांतून माशाच्या कातडीत उतरतात. टाकीत पाळलेले मासे खाणं चुकलं की फिके पडतात ते म्हणून. पण निळा? इथे माझी खरी गंमत झाली. आमच्या तीन रंगांतला एक निळा, त्याच्यावाचून पान हलत नाही. आणि समुद्रातल्या बहुतेक निळ्या माशांच्या अंगात निळा रंग नावाची वस्तूच नसते. त्यांच्या पेशींत ग्वानिनच्या पातळ पापुद्र्यांच्या चळती असतात. ग्वानिन म्हणजे आपल्या डीएनएच्या चार अक्षरांपैकी एक. पापलेटची चांदी, पेडव्याची चमक, सगळी त्याचीच. पूर्वी फ्रान्समध्ये माशांच्या खवल्यांतून ही चमक काढून काचेच्या मण्यांना लावत आणि खोटे मोती बनवत. या चळतींमधलं अंतर ठरावीक असलं की उजेडातला निळा भाग तेवढा परत फिरतो, आणि आपल्याला मासा निळा दिसतो. प्रवाळांत राहणारा एक छोटा निळा डॅमसेल मासा हे अंतर कमी-जास्त करू शकतो. अंतर वाढलं की तो हिरव्याकडे झुकतो, कमी झालं की जांभळ्याच्या पलीकडे जातो. एक थेंब रंग न वापरता! ज्या माणसानं आयुष्यभर ग्रॅम मोजले त्याला हे वाचून काय वाटलं असेल ते शब्दांत सांगता येत नाही. अंगात खराखुरा निळा रंग असलेल्या माशाचीही ओळख पटलीय, मँडरिन मासा त्याचं नाव, आणि त्या निळ्या पेशींचा शोध जपानी शास्त्रज्ञांनी १९९५ साली लावला. पण असे अपवाद हाताच्या बोटांवर मोजण्याइतके.

इथवर मी पुस्तकातलं सांगितलं. पण माशाचा रंग जाताना मी पहिल्यांदा पाहिला तो सहा-सात वर्षांचा असताना, मालवणच्या किनाऱ्यावर, रापणीला.

ज्यांनी रापण पाहिली नाही त्यांच्यासाठी: होडीनं समुद्रात अर्धवर्तुळ मारत लांबच लांब जाळं सोडतात आणि त्याची दोन टोकं किनाऱ्यावर दोन ठिकाणी आणतात. मग दोन्हीकडून माणसं दोर ओढतात. अर्धा गाव लागतो. शेवटी जाळ्याचा पोटाचा भाग उथळ पाण्यात येतो आणि पाणी उकळायला लागल्यासारखं दिसतं. ओढायला हात लावला त्याला वाटा. नारळी पौर्णिमा उलटून गेल्यावरचे दिवस, बांगड्याची रापण होती. आजीबरोबर मी गेलो होतो. एक बांगडा उडी मारून माझ्या पायाशी वाळूत पडला आणि मी तो दोन्ही हातांत धरला.

तो रंग मी आजवर कुठल्याही लॅबमध्ये काढू शकलेलो नाही. पाठीवर हिरवा होता, पण हिरव्याच्या आत निळा, आणि कलला की त्यावरून जांभळी झाक पळायची. कुशीवर सोनेरी पट्ट्या. मासा धडपडत होता आणि प्रत्येक धडपडीला अंगावरून काहीतरी सरकून जायचं. मग तो धडपडायचा थांबला, आणि रंग निघून जायला लागला. पुसल्यासारखा नाही, उतरल्यासारखा. पट्ट्या आधी मळल्या. हिरव्यातला निळा विझला. माझ्या हातात बाजारातला बांगडा उरला, जो मी रोज बघायचो आणि ज्यालाच बांगड्याचा रंग समजायचो.

मी तो आजीला दाखवायला नेला, रंग होता तेव्हाचं सांगायला लागलो. ती वाट्याचे मासे निवडत होती. तिनं माझ्या हातातला बांगडा घेतला, कल्ला उचलून बघितला आणि टोपलीत टाकला. म्हणाली, “रंगार जाव नको, बाबू. मेलेलो मासो रंग कोणाक दाखवतलो?”

तिला मासा ताजा कसा ओळखायचा तेवढंच शिकवायचं होतं. डोळा बघ, कल्ला बघ, रंगावर विसंबू नकोस. पण ते वाक्य माझ्यात राहून गेलं. मेलेला मासा रंग कोणाला दाखवणार? म्हणजे जिवंत मासा तो दाखवत असतो. रंग त्याच्या अंगावर नुसता असतो असं नाही, तो रंग करत असतो, क्षणोक्षणी, जसा आपण श्वास घेतो. मासळी बाजारात पाट्यावर मांडलेलं असतं ते करणं थांबल्यानंतरचं.

रोमन श्रीमंतांना हा रंग जाण्याचा क्षण मेजवानीत बघायला आवडायचा. लाल मलेट नावाचा मासा काचेच्या भांड्यात जिवंत आणत आणि पाहुण्यांसमोर तो मरेपर्यंत त्याच्या अंगावरून फिरणाऱ्या छटा बघत बसत. सेनेका या रोमन विचारवंतानं त्याबद्दल रागानं लिहून ठेवलंय. दोन हजार वर्षांपूर्वीचा तो राग मला पटतो. मरणाऱ्या माशाच्या मज्जातंतूंचे हुकूम विस्कटतात, कण वाट फुटेल तिकडे पळतात, आणि त्यालाच आपण सौंदर्य म्हणून बघत बसायचं?

रापणीत त्या दिवशी म्हाकूलही होते, म्हणजे स्क्विड. त्यांच्या अंगावरचे तांबूस ठिपके जमिनीवर आल्यावरही उघडझाप करत होते. म्हाकूल मासा नव्हे, आणि त्याची रंगपेशीही वेगळी. तिला चारी बाजूंनी स्नायू ताणून धरतात, म्हणून तिचा वेग माशाच्या कैक पट जास्त. आणि हे असूनही म्हाकूलच्या कुळातल्या बहुतेकांना स्वतःला रंग ओळखता येत नाहीत असं मानतात. पण तो वेगळ्याच लेखाचा विषय.

आमच्या लॅबमध्ये एक लाइट बॉक्स होता. आतून राखाडी रंगवलेली पेटी, वर निरनिराळे दिवे. डी-६५ हा दिवसाचा उजेड, टीएल-८४ हा दुकानातला, आणि एक पिवळा बल्बचा. एका दिव्याखाली शेड जुळायची आणि दुसऱ्याखाली मधली रेघ उघडी पडायची. याला मेटॅमेरिझम म्हणतात, आणि त्यानं माझे कित्येक लॉट नापास केले. त्यामुळे कुठलाही रंग सांगितला की माझा पहिला प्रश्न असतो, कुठल्या उजेडात? समुद्र हा एक भला मोठा लाइट बॉक्स आहे, आणि त्यात खाली जाल तसा दिवा बदलतो. पाणी तांबडा उजेड सगळ्यात आधी गिळतं. दहाएक मीटर खोलीवरच त्यातला बहुतेक संपलेला असतो. आपल्या ताटात लालभडक दिसणारी तांबोशी किंवा गुलाबी राणी मासा खोल पाण्यात करडा, काळपट दिसतो. ज्याला आपण भडक म्हणतो तोच तिथे दडून बसण्याचा रंग. बंदरावर मासा बघून त्याच्या रंगाबद्दल मत बनवणं म्हणजे दिवसाच्या उजेडातली शेड ट्यूबलाइटखाली पास करणं.

चपटे मासे उजेडाचा हिशेब कसा करतात हे कळल्यावर मला त्यांच्याविषयी सहकाऱ्यासारखी आपुलकी वाटली. तळ नुसता किती उजळ दिसतो यावर मासा जात नाही, कारण ढग आला तर वाळूही अंधारते. तो वरून येणारा उजेड आणि तळावरून परतणारा उजेड यांचं प्रमाण बघतो. डोळ्याच्या पडद्याच्या एका भागावर वरचा उजेड पडतो, दुसऱ्यावर खालचा. सांजेच्या अंधारातली पांढरी वाळूही त्याला पांढरीच कळते. लाइट बॉक्स असा डोळ्यातच असेल तर!

मग रंग बदलायचा कशाला? लपायला, हे उत्तर लगेच येतं आणि ते खरंही आहे. २०२० साली केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेच्या शास्त्रज्ञांना तमिळनाडूच्या सेतुकराईजवळ, मन्नारच्या आखातातल्या समुद्री गवतात, एक विंचूमासा सापडला. आधी तो प्रवाळाचा जुना सांगाडाच वाटला होता. डिवचल्यावर पांढरट होता तो काही सेकंदांत काळा झाला, आणि पुढे पिवळा. असा मासा शिकारीच्या मागे धावत नाही, जागेवर दगड होऊन बसतो. लपण्याचं हे टोक.

पण लपण्यावर थांबलो तर रंगाची निम्मी गोष्ट सुटते. मासे रंगानं बोलतात. दोन वर्षांपूर्वी मी सिंधुदुर्ग किल्ल्याजवळ स्नॉर्केलिंगला गेलो. साठी ओलांडलेला माणूस म्हणून होडीवाल्यानं मला जॅकेट दोनदा ओढून तपासलं. पाणी फार स्वच्छ नव्हतं, पण खडकांवर सार्जंट मेजर नावाच्या माशांचा थवा होता. हातभर अंतरावरून जाणारे, फिकट अंगावर पाच काळे पट्टे, पाठीला पिवळी झाक. त्यांच्यातला एक वेगळा होता. त्याचं अंग निळसर गडद झालं होतं, पट्टे त्यात बुडायला आले होते, आणि तो एका खडकापासून हलत नव्हता. थव्यातलं कोणी जवळ आलं की अंगावर धावून जायचा. माझ्या मास्कवरही आला, बोटाएवढ्या तोंडानं. खडकावर जांभळट डाग होता. ती अंडी. या माशांत अंडी राखतो तो नर, आणि राखण करताना तो निळा होतो. ‘इथे येऊ नका’ असं पिल्लांचा बाप अंगावर लिहून उभा होता.

मेक्सिकोच्या किनाऱ्यापुढे सार्डिनच्या थव्यावर तुटून पडणाऱ्या पट्टेरी मार्लिन माशांचं ड्रोननं चित्रण केलंय. २०२४ साली ते प्रसिद्ध झालं. थव्यावर झेपावणाऱ्या मार्लिनचे पट्टे झेपेच्या वेळी उजळतात आणि तो मागे फिरला की मावळतात. अनेक मार्लिन एकाच वेळी शिकारीला असतात. सगळ्यांनी एकदम झेप घेतली तर त्यांची टोकदार तोंडं एकमेकांना लागतील. उजळलेले पट्टे ‘आता माझी पाळी’ असं इतरांना सांगत असावेत, असा संशोधकांचा कयास आहे. प्रवाळांत तर काही मासे अंगावरचे परजीवी काढून घ्यायला सफाई करणाऱ्या छोट्या माशाकडे जातात, तोंड वर करून स्थिर उभे राहतात आणि रंग बदलतात, म्हणजे तिथे चिकटलेला किडा उठून दिसावा. न्हाव्यापुढे मान वळवावी तसं.

काही बदल सेकंदांचे नसतात, आयुष्याचे असतात. पोपट मासा तरुणपणी तपकिरी-करडा असतो आणि पुढे नर झाला की हिरवानिळा. त्यातले कित्येक आधी मादी असतात, आणि मग नर होतात. एम्परर एंजलफिशचं पिल्लू गडद निळ्या अंगावर पांढरी वर्तुळं घेऊन फिरतं, मोठेपणी तोच मासा पिवळ्या आडव्या रेघांचा होतो. आपल्या हद्दीत परका मोठा मासा शिरला तर या जातीचे प्रौढ त्याला हाकलतात. वेगळा वेश असलेल्या पोराकडे काणाडोळा होतो, असं त्याचं एक कारण सांगतात. ऑस्ट्रेलियाच्या लिझार्ड बेटाजवळ तपकिरी डॉटीबॅक नावाच्या शिकारी माशावर प्रयोग झाले, ते २०१५ साली छापून आले. तो आजूबाजूला राहणाऱ्या डॅमसेल माशांच्या रंगाचा होतो. शेजारी पिवळे तर पिवळा, तपकिरी तर तपकिरी. याला दोनेक आठवडे लागतात. मग त्यांची पिल्लं त्याला ओळखू शकत नाहीत आणि तो ती खातो. रंगाचं हे रूप मला आवडत नाही, पण मला आवडावं म्हणून समुद्र चालत नाही.

एवढं सगळं वाचूनही माझा मूळ प्रश्न तसाच होता. स्वतःची पाठ. डोळ्यांनी तळ कळतो, हुकूम सुटतात, कण धावतात, मान्य. पण हुकूम बरोबर वठला की नाही हे बघणार कोण? रेसिपी लिहून भांड्यात टाकली आणि डिप बघितलीच नाही, असा कारखाना एक दिवस चालणार नाही.

उत्तर मिळालं ते फ्लोरिडातून. लोरियन श्वाइकर्ट या संशोधिका फ्लोरिडा कीज बेटांजवळ मासेमारीला गेल्या होत्या. तिथे त्यांनी एक हॉगफिश मारला. लांब टोकदार तोंडाचा हा मासा पांढरा, चट्ट्यापट्ट्यांचा आणि तांबूस-तपकिरी असे वेश झरझर बदलतो. मारलेला मासा त्यांनी होडीच्या डेकवर टाकला. थोड्या वेळानं उचलायला गेल्या तर त्याच्या कातडीनं डेकचा रंग आणि नक्षी घेतली होती. मासा मेलेला होता. डोळ्यांतून मेंदूकडे काही जाण्याचा प्रश्नच नव्हता. तरी कातडी बदलत होती.

त्या तिथून जो धागा धरून गेल्या त्याचं फळ २०१८ आणि २०२३ सालच्या त्यांच्या शोधनिबंधांत आहे. हॉगफिशच्या कातडीत ऑप्सिन नावाचं प्रथिन असतं, उजेड टिपणारं, आपल्या डोळ्याच्या पडद्यात असतं त्याच घराण्यातलं. ते कुठे असतं हे महत्त्वाचं. रंगाच्या पेशींच्या वर नाही, खाली. म्हणजे बाहेरचा उजेड आधी रंगाच्या पेशीतून गाळून येतो आणि मग त्याच्यापर्यंत पोचतो. वरच्या पेशीतले कण पसरले तर खाली उजेड कमी पडतो, गोळा झाले तर जास्त. श्वाइकर्ट आणि त्यांचे सहकारी म्हणतात की कातडी यातून बाहेरचं जग बघत नसून स्वतःकडेच बघत असावी. वरचा रंग किती चढला, किती उतरला, याची नोंद आतूनच.

हे वाचलं ती रात्र मला आठवते. बाहेर पाऊस होता, इचलकरंजीचा, मालवणचा नव्हे. मी उठून कपाटातलं जुनं शेड कार्ड काढलं, दोन तुकडे कडेला कड लावून टेबलावर ठेवले आणि बराच वेळ बघत बसलो. आम्ही वरून बघायचो. मासा खालून बघतो, रंगाच्या पलीकडच्या बाजूनं, उजेडाकडे तोंड करून. कापडाच्या मागून कापडातून येणारा उजेड बघावा तसं. त्याला डिप सुकायची वाट बघावी लागत नाही. आणि आजीला आता सांगता आलं असतं की आजी, मेलेला मासाही थोडा वेळ रंग दाखवतो, कोणी बघत नसलं तरी, कारण त्याची कातडीच बघत असते. ती काय म्हणाली असती माहीत आहे. कल्ला बघ.

लेपीच्या कातडीतही असं काही असतं का, ते मी कुठे वाचलेलं नाही. पण गेल्या डिसेंबरात तारकर्लीला होतो. ओहोटी लागली होती, पाणी गुडघ्याच्या खाली, इतकं नितळ की पायाची नखं दिसत होती. मी चालत होतो आणि पुढ्यात वाळूची छोटी धूळ उडाली. हातभर लांबीची लेपी, तळाशी लाटेसारखी सरकत गेली, तीन-चार पावलांवर थांबली, कडा थरथरवून थोडी वाळू अंगावर घेतली आणि स्थिर झाली. मी नजर हटवली नव्हती. ती कुठे बसली ते मला वीतभराच्या आत माहीत होतं. मी वाकलो, आणि मला ती दिसेना.

सवयीनं मी कड शोधायला लागलो. दोन कापडांमधली शोधायचो तशी, डोके थोडं कलतं करून, आधी उजवीकडून, मग डावीकडून. वाळूत काळे बारीक कण होते, शंखांचे पांढरे तुकडे होते, पाण्यातून हलणाऱ्या उन्हाची जाळी होती. त्या सगळ्यातून एक रेघ कुठेतरी जायला हवी होती. पाण्याचा एक हेलकावा आला आणि गेला. माझी सावली हळूहळू पुढे सरकली असावी, कारण एके ठिकाणी वाळूतले दोन ठिपके, एकमेकांच्या अगदी जवळचे, वळून माझ्याकडे बघायला लागले.